तिन्ही प

पहिल्या वर्षी हातात सुई दिलीच नाही कुणी.
डॉक्टर उरियोस्ते म्हणाले, आधी बघ.
बाळाच्या डोक्यामागच्या स्टुलावर बसून बघत राहिले,
आणि तेव्हापासून पोतोसीतली लेकरं
मला उलटीच ओळखू येतात:
हनुवटी वर, कपाळ खाली,
मधे ती फट, नाकपुडीपर्यंत गेलेली.
बाजारात एखादी आई थांबवते, ओळखलंत का याला?
मी मान वाकडी करते.

दुसऱ्या वर्षी काड्यापेटी.
रिकामी उभी धरायची, तळाशी कोंबडीच्या कातडीचा तुकडा,
आणि कडांना न शिवता तिथे टाका घालायचा.
टाळू असाच असतो, खोल, ओला, अंधारा,
वर दारातच जीभ ठाण मांडून.
माझी आई कांबळी विणते.
तिनं एकदा माझं काम हातात घेतलं,
उलटं करून मागची बाजू पाहिली
आणि काही न बोलता सूप वाढलं.

मग निळ्या शाईचे ठिपके.
ओठाच्या कडेला एक पांढुरकी रेघ असते,
आरशात शोधा, सापडेल.
ती जुळवताना अर्धा मिलिमीटर चुकला
तर तेवढाच अर्धा मिलिमीटर
मुलगी जन्मभर पंजानं झाकते.
एकीचा माझ्या हातून चुकला आहे.
तिचं नाव योसेलिन.
इथे लिहिते, कारण तक्त्यात नावं नसतात.

तक्ता चौथ्या वर्षी आला.
प्रबंधाचा विषय: टाळू शिवल्यानंतरची वाचा.
सहा वर्षांतली दोनशे बारा मुलं.
एकसष्ट ओळींपुढे एकच शेरा, पुन्हा आले नाहीत.
वगळ, म्हणाले उरियोस्ते, सगळेच वगळतात.
आणि उरलेल्यांसाठी जो चाचणीचा कागद होता
त्यावर बाबा बटाटे सोलत होते, स्पॅनिशमध्ये.
आमच्या घरी बटाटे क्वेचुआत सोलतात.

क्वेचुआत प तीन आहेत.
एक साधा: पारा, म्हणजे पाऊस.
एक फुंकरीचा: फुयु, म्हणजे ढग.
आणि एक दम कोंडून ओठांवर फोडायचा,
चुलीत फुटलेल्या मक्याच्या दाण्यासारखा:
पुन्चाय, दिवस.
टाळूला वाट राहिली असेल
तर तिन्ही नाकातून निसटतात,
पाऊस, ढग, दिवस, सगळ्यांचा म होतो.
मी नवा कागद केला. त्याला कुणी पैसे दिले नाहीत.

एकेचाळीस फोन बंद.
एक मुलगा गेल्या हिवाळ्यात वारलेला,
टाळूनं नव्हे, खोकल्यानं.
इवेरचा पत्ता म्हणजे फक्त वस्तीचं नाव,
बसनं पाच तास, पुढे चालत.
का नाही आलात परत, मी विचारलं.
त्याची आई माझ्याकडे बघत राहिली.
बरा झाला ना, म्हणाली.
मग कशाला यायचं?

सकाळी सातला अंगणात उभा केला त्याला.
नाकाखाली धरायचा आरसा बॅगेतून काढला,
पण थंडी अशी की कुणी काही बोलायच्या आतच
तो धुरकटला. ठेवून दिला.
श्वास तसाही दिसत होता.

म्हण, पाऊस.
म्हणाला. ठीक.
म्हण, दिवस.
फुटला, पण डाव्या नाकपुडीतून
वाफेचा एक बारीक दोरा निघालाच.
टाळूत मोहरीएवढं भोक असणार कुठेतरी. लिहून घेतलं.
म्हण, ढग.

फुयु, म्हणाला इवेर,
आणि त्याच्या तोंडातून ढग निघाला,
तोंडातूनच,
लामांच्या कुंपणापर्यंत गेला.
त्यानं तो जाताना पाहिला.
मग मी न सांगता दुसरा सोडला,
तिसरा सोडला,
चौथ्याला हसू आलं म्हणून तो वाकडा गेला.
मी मोजणं सोडलं.
आतून त्याची आई ओरडत होती,
चहा गार होतोय.